कामगारांचा उमेदवार कशावरून ओळखायचा: जाहीरनाम्यावरून की सत्तेतल्या सहीवरून?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी महायुतीने कोल्हापूरच्या सभेत दहा आश्वासने जाहीर केली. अंगणवाडी आणि आशा सेविकांना दरमहा १५,००० रुपये वेतन व विमा संरक्षण हे त्यांपैकी एक होते. लगेच महाविकास आघाडीने मुंबईत पाच हमी दिल्या. त्यांत महिलांना दरमहा ३,००० रुपये, बेरोजगार तरुणांना ४,००० रुपये, २५ लाखांपर्यंतचा आरोग्य विमा असे बरेच काही होते. कामाचे तास, कंत्राटी नोकरी आणि किमान वेतन यांना मात्र त्या पाचांत जागा मिळाली नाही. त्याच वर्षी लोकसभेच्या वेळी काँग्रेसने दिवसाला ४०० रुपये राष्ट्रीय किमान वेतन आणि कामगार संहितांचा (केंद्राच्या नव्या एकत्रित कामगार कायद्यांचा) फेरविचार यांचे वचन दिले होते, तर भाजपच्या संकल्पपत्राने राष्ट्रीय किमान वेतनाचा वेळोवेळी आढावा घेऊ असे म्हटले होते. हे राष्ट्रीय किमान वेतन २०१९ मध्ये दिवसाला १७८ रुपये ठरले आणि तिथेच थांबले, हे जाता जाता नोंदवतो.

माझे म्हणणे असे की कामगारांविषयी उमेदवाराची भूमिका काय आहे हे यांपैकी कोणत्याही कागदावरून कळत नाही. त्याचा पक्ष सत्तेच्या बाकावर असताना त्याने कशावर सही केली, एवढेच पाहावे. विरोधी बाकावर असताना कामगारांची बाजू घ्यायला खर्च येत नाही.

एसटीचा संप हे याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास कर्मचाऱ्यांनी महामंडळाचे शासनात विलीनीकरण करा, ही मागणी घेऊन काम थांबवले आणि पुढचे पाच महिने राज्यातली बरीचशी आगारे बंद किंवा अर्धवट चालू राहिली. त्या वेळी विरोधात असलेल्या भाजपचे गोपीचंद पडळकर आणि त्यांचे मित्र सदाभाऊ खोत आझाद मैदानात कर्मचाऱ्यांबरोबर बसले होते. तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी पगारवाढ दिली, पण विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले आणि तीन सदस्यांच्या समितीनेही तेच म्हटले. जून २०२२ मध्ये सरकार बदलले. मैदानात बसलेल्यांचा पक्ष सत्तेत आला आणि विलीनीकरण हा विषयच बोलण्यातून गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा संप झाला, तोही निवडणूक तोंडावर असताना, आणि मूळ वेतनात ६,५०० रुपयांची वाढ मिळाली. वाढ चांगलीच होती. परंतु ज्या मागणीसाठी लोकांनी निलंबन आणि बडतर्फी सोसली, ती मागणी दोन्ही सरकारांनी सारखीच नाकारली.

कंत्राटी भरतीचेही तसेच झाले. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी पदे भरण्याचा मार्ग मोकळा केला. विद्यार्थी रस्त्यावर आले, तेव्हा २० ऑक्टोबरला देवेंद्र फडणवीस यांनी तो निर्णय रद्द केला आणि कंत्राटी भरतीचे पाप काँग्रेस, राष्ट्रवादी व उद्धव ठाकरे यांच्या सरकारांचे असल्याचे सांगितले. या पद्धतीचा इतिहास जुना आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण दीड महिन्यापूर्वीची सही त्यांच्याच सरकारची होती.

आपले मत मांडावे. कोणत्याही पक्षाची तळी उचलण्यासाठी हा धागा काढलेला नाही.

सातपूरचा शेडवाला

आपण 'कामगारांच्या बाजूची भूमिका' हे शब्द वापरता तेव्हा जुने कायदे राखणारा तो कामगारांचा, बदलणारा तो मालकांचा, असे गृहीत धरता. मी औद्योगिक वसाहतीत छोटी यंत्रशाळा चालवतो आणि माझा अनुभव उलट आहे. शंभर किंवा अधिक कामगार असले की कपातीसाठी सरकारची परवानगी घ्यावी लागेल, हा जुना नियम कामगारांच्या भल्यासाठी केलेला होता. त्याचा परिणाम असा झाला की आमच्या ओळखीचे कारखानदार शंभरच्या अलीकडेच थांबले, उरलेली माणसे ठेकेदाराच्या नावावर चढवली आणि काहींनी एकाच आवारात दोन नावांच्या कंपन्या काढल्या. ज्याला संरक्षण द्यायचे तोच कामगार हजेरीपटावरून गायब झाला. औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली यात मला कामगारद्रोह दिसत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही संहिता लागू झाल्या. जुने २९ कायदे त्यांत सामावले गेले. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र, सर्व क्षेत्रांना किमान वेतन, मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, चाळीशी ओलांडलेल्यांची वर्षाला मोफत आरोग्य तपासणी, या तरतुदी कोणत्या मालकाने मागितल्या होत्या? आणि ज्यांना या संहिता इतक्या घातक वाटतात त्यांचे खासदार २३ सप्टेंबर २०२० रोजी, म्हणजे त्यांपैकी तीन राज्यसभेत मंजूर झाल्या त्या दिवशी, सभागृहात नव्हते. त्यांनी बहिष्कार घातला होता. कारण त्यांच्या दृष्टीने सबळ असेल, पण कामगारांविषयीची भूमिका नोंदवण्याचा दिवस तोच होता.

आता बारा तासांचा मुद्दा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्याची मुभा दिली आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेली. त्यावर गदारोळ झाला. आमच्या पट्ट्यात बारा तासांची पाळी कित्येक वर्षे चालू आहे, फक्त ती कागदावर नसते, त्यामुळे जादा कामाचा दुप्पट मोबदलाही कागदावर नसतो. जे चालतेच ते कायद्यात आणले तर मोबदला मागता येईल. तेलंगणात काँग्रेसच्या सरकारने जुलै २०२५ मध्ये व्यापारी आस्थापनांना दिवसाला दहा तासांची परवानगी दिली, तेव्हा दिल्लीतील काँग्रेसचा आवाज फारसा ऐकू आला नाही. आपल्या सहीच्या कसोटीवर तेही घासून पाहावे.

गोदाकाठ

तेलंगणाचे उदाहरण माझ्याच मुद्द्याला बळ देते, त्याबद्दल आभार. राज्यसभेतील बहिष्काराचा मुद्दाही मला मान्य आहे. कामगारांच्या कायद्यावर चर्चा होत असताना बाहेर थांबणे हीसुद्धा एक प्रकारची सहीच आहे.

परंतु 'चालतेच ते कायद्यात आणावे' हा युक्तिवाद घातक आहे. कायद्याचा धाक असूनही दुप्पट मोबदला मिळाला नाही, तो धाक सैल केल्यावर कसा मिळेल? जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल असे सरकार सांगते. ठेकेदाराच्या खोलीत राहणारा, घरभाडे आणि उचल त्याच्याच वहीत असलेला परप्रांतीय मुलगा संमती नाकारू शकेल, असे आपल्याला खरोखर वाटते का? शिवाय नव्या संहितेनुसार वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना ठरण्यासाठी १० ऐवजी २० कामगार लागतात आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी २० ऐवजी ५० कामगारांपासून सुरू होतात. आपल्या शेडमध्ये किती माणसे आहेत ते मला ठाऊक नाही, पण पंधरा असतील तर कारखान्यांसाठीच्या विशेष तरतुदी आता आपल्याला लागू नाहीत. हा बदल कामगाराला हजेरीपटावर आणणारा आहे की त्यावरून उतरवणारा?

भारतीय मजदूर संघ (संघ परिवारातली कामगार संघटना) हा काही विरोधी पक्षांचा नाही. त्यानेही वेतन आणि सामाजिक सुरक्षा या संहितांचे स्वागत केले आणि उरलेल्या दोन संहितांवर आक्षेप घेतले. चारही एकाच मापाने मोजण्याची घाई दोन्ही बाजूंनी होते आहे.

परळ-लालबाग

धागाकर्त्यांचा सिद्धान्त नवा नाही. तो निदान ८७ वर्षे जुना आहे आणि त्याची जन्मभूमी मुंबईच आहे.

१९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने जगण्यापुरते वेतन, कामाच्या तासांवर मर्यादा आणि संघटना स्थापण्याचा हक्क यांचा ठराव केला. तेव्हा ती विरोधात होती, तीही परक्या सत्तेच्या. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात तिचे मंत्रिमंडळ आले, बाळ गंगाधर खेर पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला असे म्हणत) झाले आणि सुमारे वर्षभराने औद्योगिक विवाद विधेयक मांडले गेले, ज्याने संप करण्यापूर्वी सलोख्याच्या लांबलचक पायऱ्या चढणे कामगारांना भाग पाडले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध एक दिवसाचा संप केला. कामगाराला संपाचा हक्क नाकारणे म्हणजे त्याला गुलाम करणे आहे, ही बाबासाहेबांची मांडणी त्याच विधेयकावरच्या चर्चेतली. याच प्रवाहातून १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला, ज्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार दिला. गिरणी कामगारांच्या बाबतीत ती संघटना म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले, तेव्हा त्यांच्याशी बोलायचेच नाही याला मालक आणि सरकार या दोघांनाही या कायद्याचा आधार होता. चुकीच्या सहीची किंमत छत्तीस वर्षांनंतर वसूल झाली.

इथपर्यंत मी धागाकर्त्यांबरोबर आहे. पुढे नाही. कारण आपली कसोटी फक्त राज्यकर्त्यांना लागू पडते. डॉ. सामंत १९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या काँग्रेसच्या लाटेत, दक्षिण-मध्य मुंबईतून अपक्ष निवडून आले. त्यांच्या हातात सहीचा अधिकार कधीच नव्हता. त्यांची भूमिका मग कळलीच नाही असे म्हणायचे का?

विरोधी बाकावरची भूमिका फुकट असते हेही खरे नाही. तमिळनाडूत द्रमुक सरकारने एप्रिल २०२३ मध्ये बारा तासांच्या पाळीला वाट देणारे विधेयक विधानसभेत मंजूर करून घेतले. डावे पक्ष, विदुथलाई चिरुथैगल कच्ची आणि काँग्रेस हे सत्ताधाऱ्यांचेच मित्र, पण त्यांनी सभात्याग केला. कामगार संघटना उठल्या आणि १ मे रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी विधेयक मागे घेतल्याचे जाहीर केले. मंजूर झालेले विधेयक दहा दिवसांत परत फिरवले ते सही करण्याची ताकद नसलेल्या आमदारांनी. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२५ मध्ये तसे का घडले नाही, हा प्रश्न मी इथल्या सत्ताधारी आघाडीतील छोट्या भागीदारांना विचारेन. म्हणून माझे मत असे की उमेदवाराने काय केले यापेक्षा त्याने काय अडवले, हे आधी पाहावे.

कामगार नेता उमेदवार झाला म्हणजे प्रश्न सुटला, असेही कुणी समजू नये. सातारा लोकसभा मतदारसंघ पाहा. जावळी आणि पाटणच्या डोंगरातले हजारो लोक नवी मुंबईच्या बाजार समितीत माथाडी म्हणून राबतात. १९६९ च्या माथाडी कायद्याने असंघटित हमालांना मंडळाच्या मार्फत भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि दवाखाना दिला. देशात त्या तोडीचा दुसरा कायदा मला ठाऊक नाही. २०१९ मध्ये माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांचे चिरंजीव नरेंद्र पाटील शिवसेनेकडून तिथे उभे राहिले आणि राष्ट्रवादीच्या उदयनराजे भोसल्यांकडून हरले. २०२४ मध्ये माथाडींचेच शशिकांत शिंदे शरद पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले आणि भाजपच्या उदयनराजेंकडून हरले. पक्षांनी जागा बदलल्या, निकाल तोच राहिला. माथाडी कायद्यातील २०२३ च्या सुधारणा विधेयकाला विरोध करताना मात्र दोन्ही बाजूंचे माथाडी एकत्र होते.

बालाघाट

वरच्या सगळ्या चर्चेत हजेरीपट, पाळी, संघटना आणि सही हे शब्द आले. आमच्या बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार यांपैकी कशातच बसत नाही.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार वाहतूकदाराशी करतो, वाहतूकदार मुकादमाला उचल देतो आणि मुकादम ती कोयत्यांना वाटतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेबात बाईला वेगळे नाव नसते. तोडणी टनावर मोजली जाते, उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला बांधिलकी राहते, आणि फडात साप चावला किंवा गाडी उलटली तर हा माणूस आमचा नव्हे, मुकादमाचा, असे कारखाना सांगतो. किमान वेतन, ग्रॅच्युइटी, प्रसूतीची रजा हे सगळे ज्या नात्यावर उभे आहे ते मालक-कामगार नातेच इथे कागदावर नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. खाडा पडला की दंड, हे त्याच्या कारणांपैकी एक होते.

आता उमेदवारांकडे या. २०२४ च्या लोकसभेला बीडमध्ये एका बाजूला पंकजा मुंडे होत्या, ज्या ऊसतोड कामगारांच्या वतीने दरवाढीच्या लवादावर बसत आल्या. दुसऱ्या बाजूला बजरंग सोनवणे होते, जे स्वतः साखर कारखानदार आहेत. त्याच वर्षाच्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचे लवादात ठरले होते. कामगाराची बाजू मांडणारी एक आणि कारखाना चालवणारा एक, अशी इतकी उघड निवड देशात फार थोड्या मतदारसंघांत मिळेल. निवडणूक कशावर झाली? मराठा आणि ओबीसी यावर. सोनवणे ६,५५३ मतांनी निवडून आले. या निकालाला मी कामगारविरोधी म्हणणार नाही, कारण कामगारांचा प्रश्न त्या निवडणुकीत पटलावर आलाच नाही. दोघांच्याही सभांत तो शेवटच्या दोन मिनिटांत येऊन गेला.

विधानसभेला तर त्याहून वेगळीच गोष्ट घडली. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू झाला आणि मतदान २० नोव्हेंबरला होते. टोळ्या तोपर्यंत सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाच्या वाटेला लागलेल्या होत्या. ज्याचा मतदानाचा दिवसच फडात जातो, त्याच्याबद्दल भूमिका घ्यायची उमेदवाराला गरज काय? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचेही ठरले. घोषणा एका सरकारची आणि कार्यालय दुसऱ्याचे, त्यामुळे श्रेय दोघेही घेतात. फडातल्या बाईला मात्र तिचे नाव कोणत्या नोंदवहीत आहे हे अजून सांगता येत नाही.

म्हणून धागाकर्त्यांना विचारतो: जिथे कुणी सहीच करत नाही, तिथे आपली कसोटी काय सांगते?

जुनी फाईल

मी सरकारी कर्मचारी आहे आणि या धाग्यातला निराशेचा सूर मला पटत नाही. उमेदवाराची भूमिका ओळखत बसायची नसते, ती बदलून घ्यायची असते.

१ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात फडणवीस यांनी स्पष्ट सांगितले की जुनी योजना लागू केली तर १ लाख १० हजार कोटींचा भार पडेल, ती देता येणार नाही. महिनाभरात विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांचा प्रचार सुरू झाला आणि तेच नेते औरंगाबादच्या सभेत आम्ही नकारात्मक नाही असे म्हणाले. तरीही फेब्रुवारीत नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपने पाठिंबा दिलेले उमेदवार हरले आणि सुधाकर अडबाले निवडून आले. १४ मार्च २०२३ पासून सात दिवस 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर होते. समिती बसली. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारली. पंचवीस वर्षे सेवा झाल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, ही जुनी पेन्शन नव्हे हे मान्य. पण 'देता येणार नाही' पासून इथवर वीस महिन्यांत आलो ते मतपेटीमुळे.

सातपूरचा शेडवाला

आपला विजय मनापासून मान्य करूनही विचारतो की तो कुणाच्या पैशाने झाला. राज्याच्या महसुलाचा मोठा वाटा वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याजात जातो. माझ्याकडचा वेल्डर भविष्यनिर्वाह निधीतून साठाव्या वर्षी जे घेईल त्यात त्याचे सहा महिने निघणार नाहीत, आणि तो कर भरतो. साबणावर, तेलावर, मोबाइलच्या रिचार्जवर. तो आपल्या निवृत्तिवेतनाचा भागीदार आहे, लाभार्थी नाही. उमेदवार आपल्यापुढे वाकतो कारण आपण मोजता येता. याला कामगार हक्क म्हणायचे की संघटित मतदारांची सौदेबाजी?

सोनचाफा

शेडवाले यांचा प्रश्न बोचरा आहे, पण त्याचे उत्तर कर्मचाऱ्यांचे कमी करा हे नसून वेल्डरला द्या हे असायला हवे. आणि ते द्यायला निघालेल्या उमेदवाराचे काय होते तेही पाहावे लागेल.

राजस्थानात अशोक गेहलोत यांच्या सरकारने जुलै २०२३ मध्ये घरपोच सेवा देणाऱ्या आणि गाडी चालवणाऱ्या कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला: प्रत्येक व्यवहारावर शुल्क, त्यातून निधी, आणि कामगारांचे प्रतिनिधी असलेले मंडळ. डिसेंबरमध्ये ते सरकार हरले आणि कायदा नियमांअभावी पडून राहिला. धागाकर्त्यांच्या कसोटीला हा कायदा पुरेपूर उतरतो, सही झालेली आहे. कामगाराच्या हाती काय आले? कर्नाटकाने २०२५ मध्ये एक ते पाच टक्के शुल्काचा तसाच कायदा केला, तिथे सरकारच्या हाती अजून वेळ आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असे आहे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांची कमाल मर्यादाही आहे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर पाठीला पेट्या लावून धावणाऱ्या मुलांची संख्या पाहता महाराष्ट्रातल्या कोणत्याही उमेदवाराने स्वतंत्र राज्य कायद्याचा आग्रह प्रचाराच्या मध्यभागी आणला नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

डाव्यांची सही तरी निर्विवाद असेल असे कुणाला वाटत असेल, तर केरळ आठवावे. तिथे डाव्या आघाडीचेच सरकार असताना फेब्रुवारी २०२५ पासून आशा सेविका मानधनवाढीसाठी तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर महिनोन्‌महिने बसून होत्या. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये आशांच्या मानधनात ५,००० रुपयांची वाढ झाली, तीही आझाद मैदानात बसल्यावर आणि लोकसभेची आचारसंहिता लागण्याच्या तोंडावर. दोन्हीकडे निवडणुकीच्या अंतराने पक्षाच्या रंगापेक्षा जास्त काम केले.

म्हणूनच मी जाहीरनाम्याला कमी लेखत नाही. १५,००० हा आकडा छापला गेला म्हणून तर आज आशा सेविका तो बोट ठेवून मागू शकतात. छापलेला आकडा नसता तर मागणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली असती.

गोदाकाठ

सोनचाफा यांचे शेवटचे वाक्य मला पटते, एका अटीवर. आकडा असेल तरच. 'आढावा घेऊ', 'कल्याण साधू', 'सकारात्मक विचार करू' या वाक्यांवर बोट ठेवता येत नाही, आणि जाहीरनाम्यांत कामगारांच्या वाट्याला बहुतेक तीच येतात.

परळ-लालबाग यांच्या 'काय अडवले' या कसोटीबद्दल माझा आक्षेप कायम आहे. तमिळनाडूत अडवता आले कारण तिथल्या डाव्या मित्रांच्या मागे कारखान्यांतल्या जिवंत संघटना होत्या. ज्याच्या मागे संघटना नाही असा आमदार सभात्याग करतो आणि उपाहारगृहात चहा घेऊन परत येतो. त्याची भूमिका तपासायची तर त्याच्या मतदारसंघात किती कामगार कोणत्या संघटनेत आहेत, हे आधी मोजावे लागेल.

बालाघाट यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की तिथे कोरी जागाच वाचावी. ऊसतोड कामगाराचा मालक कोण, हे एका ओळीत ठरवणारा कायदा राज्याला करता येतो, कारण कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. १९६९ मध्ये हमालांच्या बाबतीत महाराष्ट्राने तेच केले. मालक अनेक असले तरी मंडळ एक ठेवले. ऊसतोडीसाठी ते झालेले नाही, कारण विधानसभेत दोन्ही बाकांवर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक आणि त्यांचे आप्त बसतात. ही एकच बाब अशी आहे की तिच्यावर सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात फरक दाखवणे मला जमलेले नाही.

बालाघाट

माथाडी मंडळाची तुलना ऐकायला बरी वाटते, पण हमाल वर्षभर एकाच बाजारात असतो. आमची टोळी सहा महिन्यांत तीन जिल्हे बदलते आणि उरलेले सहा महिने गावी दुष्काळी कामावर किंवा बसून असते. मंडळ झालेच तर ते कारखान्याच्या गेटवर नोंदणी करणारे हवे, गावात ओळखपत्र वाटणारे नको. ओळखपत्रे पूर्वीही वाटून झाली आहेत.

मतदानाविषयी एक सांगायचे राहिले. निवडणूक हंगामात आली की उमेदवार फडांवर गाड्या पाठवून लोकांना गावी आणतात. त्या दोन दिवसांचा खाडा कुणी भरून देत नाही. कधी मुकादम तो उचलीत चढवतो. गाडी पाठवणाऱ्याला उपकारकर्ता मानले जाते आणि मतही त्याच हिशेबाने पडते. त्यामुळे मी उमेदवाराला महामंडळाबद्दल विचारणार नाही. त्याच्या किंवा त्याच्या नातलगांच्या कारखान्याने टनामागचे दहा रुपये भरले का आणि त्याची पावती आहे का, एवढेच विचारेन.

परळ-लालबाग

पावतीचा प्रश्न मला आवडला, आणि तो शहरातही चालेल. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी सफाई कामगार वर्षानुवर्षे तेच काम करत होते आणि त्यांना महापालिकेचे नव्हे, ठेकेदाराचे मानले जात होते. त्यांपैकी २,७०० जणांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कायम ठेवला, आणि तो त्यांच्या संघटनेने लढून मिळवला. या सगळ्या काळात महापालिकेत सत्ता मराठी कामगाराचे नाव घेणाऱ्या पक्षाची होती आणि विरोधी बाकावर काँग्रेस होती. खटला महापालिकेविरुद्ध होता. म्हणजे कामगारांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या वकिलांचे शुल्क ज्या अंदाजपत्रकातून गेले, त्याला दर वर्षी याच नगरसेवकांनी मंजुरी दिली. आपापल्या प्रभागातल्या उमेदवाराला याबद्दल विचारायला हरकत नाही. तो कोणत्या पक्षाचा आहे हे त्यानंतर विचारले तरी चालेल.